वाढत्या अंगाची सायकल

आमच्या घरात कोणतीही वस्तू घ्यायची झाली की दोनच प्रश्न विचारले जातात. टिकेल किती? आणि वाढत्या अंगाला पुरेल का? हे दोन प्रश्न मला माझ्या वडिलांकडून वारशाने मिळाले. दुसरे फारसे काही मागे ठेवण्याची त्यांची ऐपत नव्हती. काकांच्या लग्नात शिवलेला माझा कोट मी दहावीच्या निरोपसमारंभाला घातला होता, आणि तेव्हाही त्याच्या बाह्या दोन बोटे लांबच होत्या! तेव्हा 'सायकल वाढत्या अंगाची घेता येत नाही' असे आमच्या कन्येने जेव्हा मला ऐकवले, तेव्हा मला तो आमच्या उभ्या घराण्याचा उपमर्द वाटला.

त्यातून तिला हवी होती ती सायकल साधीसुधी नव्हे. पुढच्या चाकालाही झोके आणि मागच्या चाकालाही झोके असलेली, डोंगरावरून खाली उतरायची सायकल! इंग्रजीत तिला 'फुल सस्पेन्शन' म्हणतात. मराठीत काय म्हणावे, याचा मराठीचा प्राध्यापक या नात्याने मी दोन दिवस विचार केला. 'पूर्णनिलंबित' हा शब्द सुचला आणि तसाच सोडून दिला. कारण निलंबित म्हटले की आमच्या शिक्षणक्षेत्रात भलतेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आमच्या नाक्यावरचा सायकल दुरुस्त करणारा तिला सरळ 'डबल शॉकअप' म्हणतो. परिभाषा असावी तर अशी!

आम्ही राहतो खारबावला. वसई-दिवा लोहमार्गावरचे, भिवंडी तालुक्यातले हे स्टेशन. खार म्हणजे खारी जमीन आणि बाव म्हणजे विहीर, असा गावाच्या नावाचा अर्थ मी आपला लावतो. गावातली वडीलधारी माणसे तो ऐकून मान डोलावतात, पण ती अर्थाला की माझ्या नोकरीला, हे मला अजून कळलेले नाही. एकीकडे खाडी, मध्ये भातखाचरे आणि भातखाचरांच्या जागी उभी राहिलेली गोदामे, आणि कामणच्या बाजूला तुंगारेश्वरची डोंगररांग. चिंचोटीहून अंजूरफाट्याला जाणारा आमचा रस्ता पावसाळा सरताना असा काही होतो की, येथे सायकलीला झोके मागणे ही चैन आहे, असे कोणी म्हणणार नाही. पण कन्येला रस्त्यावरचे खड्डे नको होते. तिला डोंगरातले हवे होते.

खरे म्हणजे हे खूळ तिच्या डोक्यात घातले ते मीच. ती सोळा वर्षांची असताना तिला मी एक सायकल आणून दिली. दुकानात दोन सायकली होत्या. एकीला पुढेच स्प्रिंग होती, दुसरीला मागेही एक भली मोठी लाल स्प्रिंग होती, आणि किंमत नऊ हजारांच्या आतच. जितक्या स्प्रिंगा जास्त तितके पोर सुरक्षित, असा साधा हिशेब करून मी दुसरी उचलली. अर्थात एक माप मोठीच!

ती सायकल घेऊन ती रविवारी सकाळी टेकडीकडे जाऊ लागली. गुरांच्या वाटेने सायकल ढकलत वर जायचे आणि मुरुमाच्या उतारावरून खाली यायचे, हा तिचा उद्योग. मला उताराची मुळातच भीती. लहानपणी भाड्याच्या सायकलवरून मी एका उतारावर असा पडलो होतो की, माझा डावा कोपर अजून सरळ होत नाही. तेव्हापासून मी जिनासुद्धा कठडा धरून उतरतो. पण अभयारण्याच्या हद्दीत पाऊल टाकायचे नाही, एवढी एक अट घालून मी गप्प बसलो.

एका ऑक्टोबरात, मी स्टेशनावर गाडीची वाट पाहत असताना, फोन आला. उतारावर मागच्या सांध्याचा बोल्ट ढिला होऊन चाक आडवे फिरले होते आणि कन्या हँडलवरून पुढे फेकली गेली होती. गळ्याखालचे हासळीचे हाड मोडले. सहा आठवडे हात गळ्यात. डोक्याला लागले नाही, हे नशीब.

मोडकी सायकल मी नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने ती उलटी केली, बोल्टाचे भोक बोटाने दाखवले आणि मग फ्रेमच्या पोटाशी साखळीमागे चिकटवलेल्या एका चिठ्ठीवर बोट ठेवले. "सर, हे काय लिवलंय ते वाचा बरं." अगदी बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिले होते की, ही सायकल खडकाळ वाटांवर किंवा उड्या मारण्यासाठी वापरू नये. मी एम. ए. आहे. दोन ओळींच्या मधले कसे वाचावे, हे गेली वीस वर्षे मुलांना शिकवतो आहे. पण ही ओळ मी वाचली नव्हती. त्या संध्याकाळी मी ती चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि घरी कोणाला काही सांगितले नाही. 'पोरं पडायचीच' असे मीच सर्वांना सांगत राहिलो.

तीन वर्षे सायकलीचे नाव निघाले नाही. मग यंदाच्या उन्हाळ्यात कन्येने शिकवण्यांतून साठवलेले चाळीस हजार रुपये माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि म्हणाली, "बाबा, उरलेले तुम्ही घाला. आणि या वेळी सायकल मी निवडणार."

तिच्या आईचे म्हणणे एका वाक्याचे होते: "हाड एकदा जुळलं म्हणून दर वेळी जुळेलच असं नाही." त्या वाक्याला उत्तर नव्हते, म्हणून मी प्राध्यापकाचा धर्म पाळला आणि अभ्यासाला बसलो.

अभ्यासात प्रथम इतिहास सापडला. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात काही तरुण जुन्यापान्या, जाड टायरांच्या बोजड सायकली डोंगरावर नेत आणि वरून खाली सुटत. त्यांत गॅरी फिशर होता, जो ब्रीझ होता. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. पायडल उलटे दाबले की लागणारा मागच्या चाकाचा ब्रेक खाली पोहोचेपर्यंत असा तापे की, हबमधल्या ग्रीसचा धूर होई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नाव 'रिपॅक'. शब्दाची व्युत्पत्ती अशी वास घेता येईल इतकी स्पष्ट क्वचित सापडते! पुढे १९९० साली अमेरिकेत डुरँगोला पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धा झाल्या आणि १९९६ला अटलांटाच्या ऑलिंपिकमध्येही डोंगरी सायकल शिरली. पण ती चढउताराची. नुसत्या उताराच्या शर्यतीला ऑलिंपिकने अजून दार उघडलेले नाही. त्या समितीतही कोणाची तरी आई असली पाहिजे. कन्येने यावर लगेच उत्तर दिले, की २०२३च्या ऑक्टोबरात आशियाई स्पर्धा थेट केरळात, पोनमुडीला झाल्या, आणि त्यांत उताराची शर्यत होती.

इतिहासानंतर गणित. या सायकली मिलिमीटरवर मोजतात. पुढचा चिमटा आणि मागचा शॉक किती दबतो, ते हे माप. शर्यतीच्या हलक्या सायकलीला शंभर-एकशेवीस, डोंगरवाटांच्या सायकलीला एकशेवीस ते एकशेपन्नास, आणि निव्वळ उताराच्या सायकलीला दोनशे. आकडे पाहताच माझ्यातला बाप जागा झाला. घ्यायचीच तर दोनशेची! आणखी साठ मिलिमीटर गादी असेल तर आणखी साठ मिलिमीटर पोर सुखरूप.

"बाबा," कन्या म्हणाली, "दोनशेची सायकल सोळा-सतरा किलोची असते. परदेशात ती पाळण्यात घालून डोंगरावर नेतात. आपल्याकडे पाळणा कुठाय?"

"तू ढकलत नेशील."

"आणि पायडल मारायला गेले की ती खाली-वर झुलते. चढाचे गिअर तिला नसतातच. ती फक्त वेगाने जाण्यासाठी बनवलेली आहे. हळू गेलं की ती ओंडक्यासारखी वागते. आपल्या टेकडीवर एवढा वेग घ्यायचा म्हणजे तुम्ही मला वेगच विकत घेऊन देताय."

गंमत पाहा. जो बाप उताराला भितो तोच सर्वांत धोक्याची सायकल मागत होता, आणि जिला मी अविचारी समजत होतो ती म्हणत होती, मला एकशेतीस पुरे! तीन दिवस आमचा हा वाद चालला. चौथ्या दिवशी ठाण्याच्या एका दुकानदाराने तो एका प्रश्नात मिटवला. त्याने माझ्याकडे न पाहता तिला विचारले, "चालवणार कुठे?" तिने टेकडी सांगितली, मुरूम सांगितला, पावसाळ्यानंतर दगडांवर धरणारे शेवाळ सांगितले, चढ किती आणि उतार किती तेही सांगितले. एवढे नेमके उत्तर मला कोणत्याही तोंडी परीक्षेत मिळालेले नाही. मग त्याने तिला दोन सायकली दाखवल्या. मी किमतीच्या चिठ्ठीवरची शून्ये बोटाने मोजली आणि दोनदा मोजली. दोन्ही दोन लाखांच्या पुढे होत्या.

मग वापरलेल्या सायकलीचा शोध सुरू झाला. पुण्यातला एक तरुण इंजिनिअर परदेशी निघाला होता आणि त्याला त्याची सायकल विकायची होती. पुढे एकशेचाळीस, मागे एकशेतीस, साडेसत्तावीस इंची चाके, तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक. एका बोटाने लागावे असे! बसायची सीट उतार आला की हँडलवरच्या एका खटक्याने खाली जाते, म्हणजे अंग मागे नेता येते. टायरांत ट्यूब नाही, आत एक चिकट द्रव. बाभळीचा काटा शिरला की भोक आपोआप बुजते. हे शेवटचे मला फार आवडले.

मित्राची गाडी घेऊन आम्ही पुण्याला गेलो. कन्येने सायकल तपासली ती पाहण्यासारखी. मागचे चाक हातात धरून आडवे हलवले आणि सांधे खुळखुळतात का ते पाहिले. तो बोल्ट तिने सर्वांत आधी पाहिला, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. चिमट्याच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे आहेत का, हे नख फिरवून पाहिले. फ्रेमच्या जोडांवर पुसायला फडके मागितले, कारण चीर मातीखाली दडते. चिमट्याचे तेल आणि सील केव्हा बदलले होते, हे विचारले. पन्नास-पन्नास तास चालवल्यावर खालचा भाग उघडून साफ करावा लागतो म्हणे. तोवर मी सीटवर हात फिरवत "कातडं बरं आहे" असे म्हणून घेतले.

वेताळ टेकडीवर तिने ती चालवून पाहिली. मग तो तरुण छोटा पंप घेऊन खाली बसला. मागच्या शॉकमध्ये स्प्रिंग नसते, हवा असते, आणि ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरायची असते. माणूस नुसता बसल्यावर शॉक पाव ते तीस टक्के दबला पाहिजे. नळीवरची रबराची बारीक कडी किती सरकली, त्यावरून ते कळते.

"वजन किती?"

"हेल्मेट, बूट, पाणी धरून छप्पन्न."

"साठ धरा," मी म्हणालो. "वाढतं अंग आहे."

तो तरुण हसला. "काका, साठची हवा भरली तर खड्ड्यात चाक दबायच्या ऐवजी उडेल. हिच्या वजनाचीच भरावी लागते."

एकोणीस वर्षांच्या मुलीचे वजन मी तिच्यासमोर चार किलोंनी वाढवले होते. गाडीत बसेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

सौदा पंचाण्णव हजारांना झाला. तिचे चाळीस, माझे पंचावन्न. घरी आल्यावर तिच्या आईने सायकलीकडे ढुंकूनही पाहिले नाही; पण दुसऱ्या दिवशी भिशीच्या पैशांतून हनुवटी झाकणारे हेल्मेट आणि गुडघ्यांच्या ढाली घेऊन आली. "मला काही कळत नाही त्यातलं," म्हणाली. हेल्मेट मात्र अगदी मापाचे होते.

परवाच्या रविवारी कन्या मला टेकडीवर घेऊन गेली. गवत अजून हिरवे होते. मी धापा टाकत निम्म्या वाटेवर बसलो, आणि का कोण जाणे, त्या खरवडलेल्या चिठ्ठीची गोष्ट तिला सांगून टाकली. ती ढालीचे पट्टे आवळत होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी ती पहिल्याच दिवशी वाचली होती."

"मग चालवलीस का?"

"तुम्ही कौतुकाने आणली होती. परत करा म्हटलं असतं तर तुम्ही दुसरी आणलीच नसती." मग थोडे थांबून म्हणाली, "आणि मला उतरायचं होतं."

मला काही बोलता येईना. तिने हातातले घड्याळ काढून माझ्याजवळ दिले. "खाली वडापाशी उभे राहा. मी हात वर केला की हे बटण दाबायचं, वडापाशी आले की पुन्हा दाबायचं."

मी खाली जाऊन उभा राहिलो. तिने वरून हात केला. मग ती सुटली. पहिल्या वळणावर मुरूम उडाला, पुढे दगडांची एक पायरी होती तेथे मागचे चाक दबले आणि हलकेच वर आले, शरीर जागच्या जागी आणि खाली सायकल आपली स्वतंत्र चालल्यासारखी. माझा डावा कोपर नकळत छातीशी आला होता. ती वडाला वळसा घालून माझ्यापुढे थांबली आणि हेल्मेट वर करून म्हणाली, "किती?"

मी घड्याळ पाहिले. बटण दाबायचे राहूनच गेले होते.

"बाबा!" ती म्हणाली, आणि सायकल वळवून पुन्हा चढाला लागली.