सही माझी, रिले माझ्या पसंतीचा

फोनवर अमेथिस्ट या ॲपमध्ये लिहिलं, मग संगणकावर कोराकल उघडून त्याच किल्लीने आत गेले, तर माझं सगळं तिथे हजर! नाव, फोटो, लिहिलेल्या नोंदी, मी फॉलो करते ती सगळी माणसं. दोन्ही ॲप्स वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली, तरी नवं खातं नाही, ओटीपी नाही, कुणाची परवानगी नाही. नॉस्टर ही समाजमाध्यमांसाठीची खुली रचना म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलेय.

फियाटजाफ या टोपणनावाच्या प्रोग्रामरने 2020 मध्ये मांडलेली ही रचना किती साधी आहे! तुमच्याकडे दोन किल्ल्या. एनपब खुशाल जगाला द्यायची, एनसेक जिवापाड जपायची. प्रत्येक नोंदीवर एनसेकने सही होते आणि ती रिलेवर, म्हणजे कुणीही चालवू शकेल अशा सर्व्हरवर जाते. तीही एकाच नव्हे, तुम्ही निवडाल तेवढ्या रिलेंवर. एकाने हाकललं तरी बाकीच्यांवर तुम्ही आहातच, आणि सही त्याच किल्लीची असल्यामुळे वाचक तुम्हाला बरोब्बर ओळखतात.

पण मी खरी रमले ती रिलेंच्या यादीत. आपण लिहितो ते रिले वेगळे ठेवता येतात, वाचतो ते वेगळे! शिवाय ही यादीसुद्धा सही केलेली एक नोंदच असते, 10002 क्रमांकाच्या प्रकारची. वाचकाचं ॲप ती बघतं आणि तुमचं लेखन जिथे असेल तिथून उचलून आणतं. काही रिले फुकट, काही पैसे घेणारे. नॉस्टर डॉट वाइनवर लिहायचं तर आधी सातोशी मोजायचे (एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा 10 कोटीवा भाग). एवढ्याशा शुल्काने कचरा टाकणाऱ्यांची फौज दाराबाहेर राहते.

आणि वाचण्यासाठीही वर्गणी लावता येते! रिले तुमच्या ॲपला एक यादृच्छिक मजकूर पाठवतो, ॲप त्यावर तुमची सही करून परत देतं, मग रिले बघतो की ही किल्ली वर्गणीदारांत आहे का. असेल तर लेख उघडतो. ईमेल नको, फोन नंबर नको, कार्ड नको. एखाद्या लेखिकेला स्वतःचाच रिले चालवायचा असेल तर स्ट्रफ्राय हे खुलं सॉफ्टवेअर तयार आहे. उद्या जागा बदलली, तरी तिची सही आणि तिचे वाचक तिच्याबरोबर येतात. मला तर यातच सगळं आलं असं वाटतं.

वर्गणीदाराने लेख दुसऱ्या रिलेवर टाकला तर? टाकू शकतो. त्यावर नोंदीला '-' असा नुसत्या आडव्या रेघेचा टॅग लावायची सोय आहे. तो पाळणारे रिले अशी नोंद फक्त लेखकाकडूनच स्वीकारतात. न पाळणाऱ्यांना कुणी अडवू शकत नाही. मला ते चालतं. दिवाळी अंकही एकाने विकत घेतला की चार घरं फिरतो, तरी दरवर्षी अंक निघतातच ना!

तुम्ही येणार असाल तर ॲपने आपोआप दिलेल्या रिलेंवर थांबू नका. पहिल्याच दिवशी यादी उघडा, प्रत्येक रिलेचं माहितीपत्रक वाचा, नको ते काढा, आवडेल तिथे पैसे भरा. आणि त्याआधी एनसेक कागदावर उतरवून ठेवा. ती हरवली तर परत मिळवून देणारं कुणीही नाही.