एकतिसाव्या वर्षी बी.एड.

सॉफ्टवेअरमधली नोकरी सोडून मी शाळेत गणित शिकवायचं ठरवलं, तेव्हा आधी शॉर्टकट शोधला. टीच फॉर इंडियाची फेलोशिप दोन वर्षं वर्गात उभं करते, पण ती म्हणजे बी.एड. नव्हे. दूरस्थ बी.एड. आधीच शिक्षक असलेल्यांसाठी. उरलं नियमित बी.एड. २०१५पासून ते दोन वर्षांचं झालंय. इंजिनिअरला प्रवेशासाठी ५५ टक्के हवेत, बाकी पदवीधरांना ५०. सरकारी किंवा अनुदानित शाळा हवी असेल, तर पुढे टीईटी, टेट आणि पवित्र पोर्टल. शिवाय २०२३च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीचं दार बंद.

दोन वर्षं पगार नाही, ईएमआय मात्र चालू. चीड येणारच.

पण याच बी.एड.मध्ये २० आठवडे शाळेत काढावे लागतात. तिथे सहावीतल्या एका मुलाने लिहिलं, १/२ + १/३ = २/५. म्हणाला, "सर, दोन बॉलमध्ये एक चौकार, पुढच्या तीनमध्ये एक. पाचात दोनच झाले ना?"

हिशोब बरोबर होता, फक्त तो अपूर्णांकांच्या बेरजेचा नव्हता. हे त्याला पटेल असं सांगायला मला तीन दिवस लागले. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या क्षेत्रातून येणाऱ्यांसाठी वाट सोपी करायची असेल, तर हे आठवडे कापू नका. त्या आठवड्यांचा पगार द्या.