एकेचाळीस ट्यूबा

चाचांच्या उधारीच्या वहीतलं एक पान माझ्याकडं आहे. पानाच्या डोक्यावर माझं नाव नाही, नुसतं 'पोट्टा' असं लिहिलंय. खाली तारखा. प्रत्येक तारखेपुढं एक उभी रेघ, कुठं दोन, शेवटी शेवटी तीन-चार. एक रेघ म्हणजे पंक्चरच्या सोल्यूशनची एक ट्यूब. मी चोरलेली.

पोहरादेवीच्या बसथांब्याजवळ चाचांचं दुकान होतं. चार टिनपत्रे, हवेचा पंप, पाण्याचं घमेलं, कानस आणि फाटक्या टायरांचा ढीग. मी तिथं कामाला लागलो तेव्हा सतरावं सरलं होतं. याडी, म्हणजे माझी आई, आणि बापू पुण्याला बांधकामावर होते. आमच्याकडच्या बंजारा तांड्यांत दिवाळी झाली की दारांना कुलपं लागतात. कुणी ऊसतोडीला जातं, कुणी पुण्या-मुंबईला बिगारीला. दोन वर्षं मीही त्यांच्यासोबत राहिलो होतो. तिथं एका अर्धवट इमारतीत सुतार सनमायका चिकटवायचे, त्यांच्या डब्यातून मी पहिल्यांदा वास घेतला. भूक मरायची, हे त्यातलं पहिलं सुख. दुसरं सुख म्हणजे याडी डोक्यावर विटा घेऊन जिना चढताना दिसायची नाही. मग व्हाइटनर आलं. त्या काळी स्टेशनरीच्या दुकानात व्हाइटनरच्या बाटलीसोबत थिनरचीही बाटली मिळायची, आणि वही-पेन घेणाऱ्या पोराला कोण विचारणार? बाटलीतल्या व्हाइटनरवर आणि थिनरवर सरकारनं बंदी आणली ती २०१२ मध्ये.

बापूंना कळलं तेव्हा त्यांनी मला दादीकडं परत पाठवलं. संत सेवालाल महाराजांच्या गावात असलं काही मिळणार नाही, असा त्यांचा भाबडा विश्वास. आणि दादीनं पोरगा रिकामा बसू नये म्हणून मला पंक्चरच्या दुकानात लावलं. त्या ट्यूबमध्ये त्याच जातीची रसायनं असतात, हे तिला कुठून ठाऊक असणार!

२०१० ची होळी चार दिवसांवर होती. दुपारी मी दुकानामागं बाभळीखाली बसलो होतो. चाचा कधी आले, मला कळलं नाही. ओरडले नाहीत. समोर उकिडवे बसले आणि विचारलं, "किती झाल्या?"

मी म्हणालो, माहीत नाही.

"मले माहीत हाय." त्यांनी वही उघडून दाखवली. सात महिन्यांच्या तारखा. एकेचाळीस रेघा.

इतके दिवस माहीत होतं तर बोलले का नाहीत, हे मी त्यांना बऱ्याच वर्षांनी विचारलं. ते म्हणाले, "मले वाटलं तू इकून पैसे घरी देतं. म्हातारी एकटी हाय. म्हटलं जाऊ दे, पोट्टा लाजते, मांगत नाई." मी त्यांच्या दुकानात माझं डोकं जाळत होतो आणि ते त्याला माझी गरिबी समजून सोसत होते. त्या दुपारला पंधरा वर्षं होऊन गेली, पण चाचांचं हे वाक्य अजून मला नीट पेलवत नाही.

त्याच आठवड्यात पुसदचा एक ट्रकचालक चाक घेऊन आला. चाचांनी त्याला माझ्यापासून लपवून काही सांगितलं नाही, माझ्यासमोरच सांगितलं. तो भाऊ दारूसाठी पुण्याला येरवड्याच्या मुक्तांगणात राहून आला होता आणि सहा वर्षं कोरडा होता. तोवर व्यसन सोडवायला दवाखाना असतो, तिथं राहायचं असतं, हे मला आणि चाचांना दोघांनाही नवीन होतं. मुक्तांगणची हकिकत मला पुढं वाचायला मिळाली. डॉ. अनिता अवचट या मनोविकारतज्ज्ञ. त्यांचे पती अनिल अवचट यांनी 'गर्द'च्या नशेवर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांच्या देणगीतून २९ ऑगस्ट १९८६ ला हे केंद्र उभं राहिलं. ट्रकचालक भाऊंनी यातलं काहीच सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "पस्तीस दिवस राहा लागते. मारत नाईत. बांधत नाईत. पण जाच्या आधी याले डॉक्टरले दाखवा, अन् घरचं माणूस सोबत पाठवा."

त्यांनीच फोन करून विचारलं. बापू रामनवमीच्या यात्रेला गावी येणार होते, यात्रा आटोपली की त्यांच्याबरोबर निघायचं ठरलं. म्हणजे मधे पाचेक आठवडे. माणसं पस्तीस दिवसांच्या उपचाराबद्दल विचारतात. मला सांगायचंय ते या पाच आठवड्यांबद्दल, कारण सोडायचं ठरवल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंतचा रस्ता एकट्यानं चालता येत नाही. मला तरी आला नसता.

चाचा मला एसटीनं यवतमाळला घेऊन गेले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली. रक्तातलं पोटॅशियम कमी निघालं; मांड्यांतलं त्राण का गेलं होतं ते तेव्हा समजलं. नाकातोंडाभोवतीचं पुरळ त्यांनी बघताक्षणी ओळखलं. दारूसारखं यावर खास औषध नाही, झोप जाईल, चिडचिड होईल, डोकं काही महिने मंद राहील, असं सरळ सांगितलं. मग माझ्याकडं न बघता चाचांना म्हणाले, "हा वास घेतलेला दिसला तर याच्यामागं पळू नका. दचकवू नका, मारू नका." ही रसायनं रक्तात असताना हृदय फार हळवं झालेलं असतं. एकदम भीती वाटली, जोरात पळावं लागलं, तर ठोके बिघडून माणूस जागेवर जाऊ शकतो. धडधाकट पोरगा, पहिल्याच वेळी वास घेणारासुद्धा.

चाचा परतीच्या गाडीत गप्प होते. दोन महिन्यांपूर्वी तांड्यातल्या पोरांनी मला काठ्या घेऊन तुरीच्या वावरातून पळवलं होतं. माझ्या भल्यासाठीच. त्या दिवशी मी मेलो असतो तर भीतीनं मेलो असतो, आणि कुणाला कारणही कळलं नसतं. चाचांनी उतरल्या उतरल्या तांड्याच्या नायकाचं घर गाठलं. काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण त्यानंतर तांड्यात माझ्यामागं कुणी धावलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात सोल्यूशनची एकही ट्यूब नव्हती.

ज्यांनी पंक्चरचं काम केलंय त्यांनाच याचा अर्थ कळेल. सायकलची ट्यूब कानशीनं घासली, सोल्यूशन लावून वाळवलं, वर चिकटी ठोकली की दहा मिनिटांत गिऱ्हाईक मोकळं. त्याऐवजी चाचा प्रत्येक ट्यूब शिकंजाच्या मशीनवर घेऊ लागले. गरम पंक्चर. कच्चं रबर ठेवायचं, दाबायचं, वर आग पेटवायची, मग ते शिजायची आणि थंड व्हायची वाट बघायची. ट्रकच्या ट्यूबला हे ठीक आहे. शाळेच्या पोराच्या सायकलीला कोण तेवढा वेळ थांबतं? माणसं वैतागून पुढच्या दुकानात जायची. चाचांनी त्या दुकानदारालाही सांगून ठेवलं होतं की मला ट्यूब द्यायची नाही. म्हणजे स्वतःचं गिऱ्हाईक त्याच्याकडं घालवून वर त्याचे उपकार घ्यायचे. आग पेटवायला पेट्रोल लागे. ते पत्र्याच्या पेटीत कुलपात, आणि किल्ली चाचीच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला. पेट्रोल हवं असलं की चाचा घरापर्यंत चालत जात. दिवसातून आठ-दहा वेळा.

मला दुकानातून काढणं सोपं होतं. ते मी त्यांना सुचवलंही. "घरी एकटा बसून काय करशीन? इथं माह्या डोयासमोर राय," एवढंच म्हणाले.

होळीला तांड्यात लेंगीची गाणी रंगली आणि मी दादीच्या खाटेजवळ थरथरत पडून होतो. ते दिवस जास्त आठवत नाहीत. दादी मला सेवालाल महाराजांच्या समाधीवर घेऊन गेली. आमच्यात व्यसन सोडायचं तर शपथ इथंच घेतात. पोहरादेवीचे महंत रामराव महाराज तेव्हा हयात होते आणि व्यसनापासून दूर राहा, हे त्यांचं सगळ्या समाजाला सांगणं होतं. मला धास्ती होती की दादी म्हणेल, आता शपथ झाली, पुण्याला कशाला जायचं? बाहेर पायरीवर बसून ती आमच्या बोलीत जे म्हणाली त्याचा अर्थ असा की, नवस माझा मी बोलले, दवाखान्यात तू जायचं. दोन्ही कामं एकानं करू नयेत.

यात्रा आली. ज्या रस्त्यानं लोक आता नंगाऱ्याच्या आकाराचं संग्रहालय बघायला जातात, त्या रस्त्याला रामनवमीच्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. कर्नाटक, तेलंगण, आंध्र, मध्य प्रदेश, कुठकुठले तांडे जीप-ट्रकमधून येतात. पंक्चरवाल्याची वर्षाची कमाई त्या चार-पाच दिवसांत होते. मला वाटलं होतं, निदान यात्रेपुरतं चाचा सोल्यूशन आणतील. आणलं नाही. रात्री दोन वाजता रांगेत सात चाकं आणि ते मशीनसमोर घामानं निथळत उभे.

आणि त्याच रात्री मी घसरलो. ओळीनं मोटरसायकली लागल्या होत्या, वाऱ्यावर पेट्रोलचा वास येत होता. चोवीस दिवस झाले होते. मी एका टाकीचं झाकण उघडलं आणि तोंड खाली घातलं. किती वेळ, सांगता येत नाही. मग पाठीमागून कुणीतरी अगदी हळू माझं नाव घेतलं. दोन वेळा. घाई नाही, हात नाही. तिसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा मी वळलो. चाचा पाच-सहा पावलांवर मातीत बसले होते. उभं राहिलं तर मी पळेन म्हणून बसले होते. मशीनवर कुणाचं तरी रबर जळत होतं, त्याची करपट घाण इथवर येत होती, लोक हाका मारत होते, आणि हा माणूस मातीत बसून, शेळीच्या बुजलेल्या पिल्लाला बोलवावं तसं मला बोलवत होता.

मी सकाळी बापूंना म्हणालो, आता जाऊन काय उपयोग, मोडलंच की. बापूंनी मान खाली घातली. चाचा म्हणाले, "मोडलं म्हनूनच जाचं. न मोडतं तं कायले गेले असते?"

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही कागद तयार केला. काय काय ओढलं, कधीपासून, किती, हे खरं लिहून न्यायचं, असं ट्रकचालक भाऊंनी बजावलं होतं. मी लिहायला बसलो आणि मला काहीच आठवेना. महिने गळून गेले होते. दिवाळी आधी की पाऊस आधी, सांगता येईना. चाचांनी वही काढली, ते पान कडेनं काळजीपूर्वक फाडलं आणि दिलं. ऑगस्टमध्ये दोन रेघा, नोव्हेंबरमध्ये पाच, फेब्रुवारीत चौदा. माझा आजार त्या उधारीच्या पानावर तारीखवार लिहिलेला होता.

दिग्रसहून रात्रीची ट्रॅव्हल्स. चाचा सोडायला आले. पिशवीत दोन जोडी कपडे, डॉक्टरांचे कागद, दादीनं दिलेल्या ज्वारीच्या भाकरी. बापू माझ्याशी तीन दिवस बोलले नव्हते. चाचा त्यांना खिडकीतून म्हणाले, "भाऊ, गाडी पंपावर थांबली का पोट्ट्याचा हात धरजो." पहाटे गाडी डिझेलला थांबली. बापू झोपलेत असं मला वाटत होतं. त्यांनी डोळे न उघडता माझं मनगट धरलं. सिमेंटनं चिरलेली बोटं, खडबडीत. गाडी हलून पाच मैल झाले तरी सोडलं नाही.

येरवड्यातल्या पस्तीस दिवसांबद्दल पुन्हा कधी लिहीन. समुपदेशकांनी ते पान बराच वेळ वाचलं, एवढं इथं सांगतो. डोकं साफ व्हायला पस्तीस दिवस पुरले नाहीत. वाचलेली ओळ पुढच्या ओळीपर्यंत टिकायला दिवाळी उजाडली. परत आल्यावर चाचांनी मला कामावर घेतलं नाही. "इथं नको," म्हणाले. तेव्हा फार लागलं. त्यांनीच सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी करून मला बारावीला बसवलं. आज मी एका आश्रमशाळेत मराठी शिकवतो. २०१९ मध्ये एम्सनं केलेल्या देशपाहणीचा अहवाल आला, त्यात वाचलं की बाकीच्या नशा मोठ्यांमध्ये जास्त, पण हुंगायच्या नशेचं प्रमाण तेवढं मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त आहे: दहा ते सतरा वयाच्या दर शंभरांत एकाहून थोडं अधिक. माझ्या वर्गात साठ मुलं बसतात. हजेरी घेताना मी त्यांच्या ओठांच्या कडा बघतो. कुणाच्या आईवडिलांना रडू आवरत नाही तेव्हा १४४४६ हा सरकारी मदतीचा नंबर लिहून देतो, आणि सांगतो, पोराच्या मागं पळू नका.

चाचा गेले त्याला चार वर्षं झाली.

२०१० च्या ऑक्टोबरात मी सोयाबीनच्या सोंगणीला गेलो होतो. मजुरी हातात आली तशी एकेचाळीस ट्यूबांचा हिशेब करून, पान घेऊन दुकानात गेलो. मला वाटलं होतं ते नको म्हणतील. त्यांनी हात पुसले, नोटा घेतल्या, दोनदा मोजल्या, वरचे दहा रुपये परत केले. पानावर आडवी रेघ मारली आणि पान मला दिलं. मी विचारलं, चाचा, यात्रेत तुमचं जे नुकसान झालं त्याचं?

त्यांनी वहीची पानं मागं-पुढं चाळून बघितली. "ते तं मी लिवलंच नाई," म्हणाले, आणि घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायला वाकले.