कीर्दीत नसलेली नोंद

भवानी पेठेतील एका घरी आजोबा व नातू 'नो प्लेस ऑन अर्थ' हा २०१२ चा चित्रपट पाहत होते. दुसऱ्या महायुद्धात युक्रेनमधील ३८ ज्यू माणसे ५११ दिवस गुहांत लपून जगली, त्याची ही सत्यकथा. दिग्दर्शिका जेनेट टोबियस यांनी नटांकडून प्रसंग उभे केले. मधूनमधून मात्र त्यांतून वाचलेले वृद्धच स्वमुखाने बोलतात. नट भीती दाखवतात; बोलता बोलता थबकलेला वृद्ध ती खरी करतो.

"१९३० च्या मार्शल लॉत आपल्या घरी काय झाले होते?" नातवाने विचारले. आजोबा निरुत्तर झाले. पेढीच्या कीर्द-खतावण्या जपल्या होत्या. वडिलांना हे विचारायचे मात्र राहून गेले होते. जेवढे कानावर आले होते, तेवढे ते सांगू लागले. नातवाने वही उघडली.