मगधचे पान, काशीचा विडा

महाराष्ट्रातून काशीस जाणारा यात्रेकरू बहुधा त्रिस्थळी यात्रेचा संकल्प करूनच निघतो आणि प्रयाग व काशी झाल्यावर गयेच्या वाटेस लागतो. ही वाट आपल्या लोकांच्या चांगल्या परिचयाची आहे. पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी याच तीन क्षेत्रांविषयी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ लिहिला. परंतु त्याच वाटेने उलट दिशेस, म्हणजे गयेकडून काशीकडे, आणखी एक यात्रा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती आहे विड्याच्या पानांची.

बनारसी पानाचा लौकिक देशभर आहे. पण ज्या पानामुळे तो झाला, ते ‘मगही’ पान मुळी काशीचे नव्हेच. नावच सांगते त्याप्रमाणे ते मगधचे. बिहारमधील नवादा, गया, नालंदा आणि औरंगाबाद (हे औरंगाबाद बिहारमधले, आपल्याकडचे नव्हे) या जिल्ह्यांत त्याची लागवड होते. पान आकाराने बेताचे, रंगाने गडद हिरवे आणि इतके कोवळे की तोंडात चोथा म्हणून राहत नाही.

आपल्याकडील पानमळ्यात नागवेल शेवरी, पांगारा, हादगा अशा झाडांवर चढवितात व त्यांचीच सावली तिला मिळते. मगधात तसे नाही. तेथे बांबूंचा सांगाडा उभारून त्यावर व भोवती गवताचे आच्छादन घालतात. या झाकलेल्या मळ्यास ‘बरेजा’ म्हणतात. आत ऊन गाळून येते, वारा अडतो आणि दमट गारवा टिकतो. वेलीच्या मुळाशी पाणी साचले तर ती कुजते, म्हणून उंच वरंबे करून घड्याने बेताबेताने पाणी घालावे लागते. जमीन कस धरून राहावी म्हणून तळ्यातील गाळाची माती आणून मुळाशी चढवितात. एखाद्या भूमीचा गुण फळात उतरतो असे आपण सहज म्हणतो. येथे ती भूमी पाटीपाटीने वाहून आणलेली असते. चौरसिया समाजातील शेतकरी बरेजास पवित्र मानतात व पायातील जोडे बाहेर ठेवूनच आत शिरतात. नालंदा जिल्ह्यात इस्लामपूर येथे पानवेलीचे संशोधन केंद्रही आहे.

खुडलेली पाने टोपल्यांत भरून वाराणसीच्या पानदरीबा बाजाराकडे जातात. दोनशे पानांची एक ‘ढोली’, असा तेथील हिशेब. आता काशीचा हात फिरतो. हिरवे पान बंद खोलीत टोपल्यांसह रचून कोळशाच्या शेगडीची मंद ऊब देतात, निववितात, निवडतात, खराब पान काढून टाकतात आणि पुन्हा ऊब देतात. असे होता होता पानाचा हिरवेपणा जाऊन ते पिवळसर पांढरे होते व त्याचा तिखटपणा ओसरतो. ऊब थोडी अधिक झाली तर सारी टोपली वाया! हे ज्ञान हाताच्या स्पर्शाचे व डोळ्यांचे आहे. कातही असाच मऊ होतो: तो भिजवून, उकळून, राखेवर कापडात घालून त्याचा तुरटपणा काढून टाकतात. चुना पाण्यात विरवून गाळून घेतात. असा विडा काशीकर खातच नाही, त्याच्या बोलीत तो ‘घुलवतो’, म्हणजे गालात धरून विरघळू देतो. (सुपारी व तंबाखू यांपासून मुखाचा कर्करोग होतो हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे, तेव्हा ही विड्याची शिफारस नव्हे, कारागिरीची हकीकत आहे.)

मग लौकिक कोणाचा मानावा, भूमीचा की हाताचा? हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. स्पेनच्या उत्तरेस एब्रो नदीच्या खोऱ्यात रिओहा नावाचा द्राक्षप्रदेश आहे. उत्तरेकडील कांताब्रिया पर्वताची रांग समुद्रावरून येणारे गार, पावसाळी वारे अडविते. काही भागांत चुनखडीमिश्रित चिकणमाती आहे. तेथील मुख्य द्राक्ष टेम्प्रानियो, लवकर पिकणारे म्हणून ते नाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील वेलींवर फिलॉक्सेरा ही कीड पडली, तेव्हा बोर्दोचे व्यापारी येथे वळले व २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात मद्य मुरविण्याची रीत रूढ झाली. पुढे रिओहाच्या बाटलीची प्रतच या मुरविण्यावर ठरू लागली. ‘क्रियांसा’ म्हणवणारे लाल मद्य किमान दोन वर्षे मुरावे व त्यातील एक वर्ष पिंपात जावे. ‘ग्रान रेसेर्वा’स पाच वर्षे. बाटलीवर तळघराची कीर्ती झळकली, मळा मागे राहिला. लहान मळेवाल्यांना हे खुपू लागले आणि २०१७ साली, किमान ३५ वर्षे वयाच्या वेलींच्या एकाच मळ्यातील मद्यास त्या मळ्याचे नाव लावण्याची मुभा नियमांत आली.

आपल्याकडे मगही पानास २०१८ साली आणि बनारसी पानास २०२३ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. म्हणजे कागदोपत्री वेल पिकविणारा आणि पान पिकविणारा असे दोघेही मानकरी ठरले. हे योग्यच झाले. पण विडा हातात देताना गावाचे नाव कोणी सांगत नाही, आणि घेणाराही विचारीत नाही. विचारणे अवघड नाही. आपण आंबा घेताना देवगड की रत्नागिरी एवढे विचारतोच की!

जानेवारीत मगधात एखाद्या रात्री कडाक्याची थंडी पडते आणि बरेजातील पाने काळवंडतात. वर्षभराची मेहनत एका रात्रीत जाते. अशा वेळी काशीचा दुकानदार ओडिशाकडील जगन्नाथी पान पुढे ओढतो. गिऱ्हाईक बनारसी विडा मागते व त्याला तो बनारसी म्हणूनच मिळतो. तिकडे शेतकरी करपलेल्या वेली काढून तळ्याची माती पुन्हा पाटीत भरू लागलेला असतो.