हाडांचे दुःख

वाढत्या वयात मुलांचे पाय दुखायचेच, असे आपण सहज म्हणतो. माझ्या पुतण्याच्या मांडीतील कळांनाही गावाने हेच नाव दिले होते. पुढे त्याची प्लीहा वाढलेली आढळली आणि गोशे विकाराचे निदान झाले.

फ्रेंच डॉक्टर फिलिप गोशे यांनी १८८२ साली या विकाराचे प्रथम वर्णन केले. पेशींतील एक स्निग्ध द्रव्य पचविणारे एन्झाइम रुग्णात जन्मतः अपुरे असते. ते द्रव्य साचून फुगलेल्या पेशी मज्जेत दाटतात, हाडाचा रक्तपुरवठा खुंटू शकतो आणि त्याचा एखादा भाग मृत होतो.

रक्तातील कायटोट्रायोसिडेज व लायसो-जीबी१ यांच्या मोजमापावरून विकाराचा एकंदर भार कळतो. परंतु हाडाची सारी कहाणी रक्त सांगत नाही. अहवाल सुधारला तरी खुबा दुखत असेल, तर एमआरआय करून पाहावेच लागते. १९९१ पासून शिरेतून एन्झाइम देण्याचा उपचार उपलब्ध आहे. त्याने हाडे सावरतात. मृत झालेला भाग मात्र पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून वेळेचे मोल फार.

माझ्या भावजयीला लोकांनी फार बोल लावले. वस्तुतः हा वारसा आईबाप दोघांकडूनही येतो. दोघेही स्वतः निरोगी असतात, आणि प्रत्येक गर्भारपणी चारांत एक एवढा संभव असतो. यात अपराध कोणाचाच नाही.

वाचकहो, लेकरू वारंवार पाय धरून रडले आणि त्याचे पोटही मोठे दिसले, तर त्याला डॉक्टरांकडे न्या. बोल लावण्याआधी त्याचे दुःख ऐका.