शब्द शेवटच्या रांगेपर्यंत

आपल्याकडे गाण्याचा कार्यक्रम झाला की गायकाची वाहवा होते, ढोलकीवाल्यावर नोटा ओवाळल्या जातात, निवेदकाचेही कौतुक होते. साउंडवाला मात्र लोकांना एकदाच आठवतो, माइक शिट्टी मारतो तेव्हा! आमची तक्रार नाही. दिवसा कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी विहारात, चाळीच्या पटांगणात, नामकरणात नि लग्नात गाणाऱ्या पार्ट्यांचा साउंड सांभाळणे, हे आमचे वीस वर्षांचे आयुष्य आहे. त्यातून जे कळले ते घराघरांत पोहोचावे, म्हणून हा प्रपंच.

आपले गाणे ही निव्वळ करमणूक कधीच नव्हती. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारखे जलसेकार गावोगाव फिरत, तेव्हा अनेक खेड्यांत वीजसुद्धा नव्हती. गायकाचा गळा आणि मागे कोरस, एवढेच भांडवल. पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) उभे आयुष्य गाण्याला वाहिले. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्या आपल्या आज्या-पणज्यांनी विचार घेतला तो कानांनीच. म्हणजे या गाण्याचा जीव शब्दांत आहे. आज मशीन आहे, मिक्सर आहे, माणसाच्या उंचीचे बॉक्स आहेत, आणि शब्दच ऐकू येत नाहीत! याला काय म्हणावे?

आम्ही या कामाकडे वळलो ते वडिलांमुळे. वडील कापडगिरणीत साचेखात्यात होते. साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षे उभे राहून त्यांचे कान गेले. ते म्हणत, "आवाज येतो रे, पण काय म्हणतोय ते कळत नाही." आम्हाला नवल वाटे. डॉक्टरांनी समजावले तेव्हा उलगडा झाला. गोंगाटाने आधी जाते ती बारीक, उंच स्वर ऐकण्याची शक्ती. आ, ओ, ऊ हे भरीव आवाज कानाला कळतात, पण स, श, च, त, क यांची धार साधारण २००० हर्ट्‌झच्या वर असते आणि तीच हरवते. अशा माणसासमोर नुसता आवाज वाढवून भागत नाही. आवाज स्वच्छ करावा लागतो. आपल्या वस्तीत गिरणीत, कारखान्यात, फाउंड्रीत कान घालवून बसलेले वडीलधारे किती आहेत, ते वाचकांनीच मोजावे.

आता आपले सभागृह पाहा. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंना नागड्या भिंती. आवाज आपटून परत येतो आणि शब्दावर शब्द चढतो. रिकाम्या हॉलमध्ये हे जास्त जाणवते. माणसे बसली की त्यांचे अंग-कपडे आवाज शोषतात. म्हणून आम्ही आधी भिंतींना सतरंज्या टांगतो, मग मशीन चालू करतो. बॉक्स माइकच्या पुढे आणि बसलेल्यांच्या डोक्यापेक्षा उंच ठेवतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बॉक्सपासून ३ फुटांवर बसलेले पोर आणि ४८ फुटांवरची आजी यांच्यात २४ डेसिबलचा फरक पडतो. आजीला ऐकू यावे म्हणून खाली ठेवलेला बॉक्स फुगवला, तर पोराच्या कानाचे काय होईल? बॉक्स उंचावला तर दोघांतले अंतर थोडे सारखे होते.

गायकांनाही आमचे हात जोडून सांगणे असते. माइकची जाळी मुठीत धरू नका, शिट्टी तिथूनच सुरू होते. गायकाच्या माइकचा १०० हर्ट्‌झखालचा बेस आम्ही कापतो, त्याने आवाज पातळ होत नाही, स्वच्छ होतो. छोट्या हॉलमध्ये ढोलकीला माइक लागतोच असे नाही. आणि तो एको! परवा एक गायिका म्हणाल्या, "भाऊ, एको वाढवा ना, गोड लागतं." ताईंचे खरे होते, पण एकोने मागचा शब्द पुढच्या शब्दावर सांडतो. शेवटी ठरले की आलापात एको द्यायचा आणि कडवे सुरू झाले की खाली घ्यायचा. त्यांच्या पायाशी एक छोटा बॉक्स त्यांच्याकडे तोंड करून ठेवला. स्वतःचा आवाज ऐकू आला तशा त्या ओरडायच्या थांबल्या आणि गाऊ लागल्या.

एका जयंतीला आम्ही ढोलकीचा माइक काढला, ऑक्टोपॅड निम्म्यावर आणला. तरुण पोरे कुरकुरली. घरी परतताना वडील मात्र म्हणाले, "आज गाणं समजलं." आणि गल्लीच्या तोंडापर्यंत ते कडवे गुणगुणत आले. आज वडील नाहीत. ते तीन शब्द आमची आयुष्यभराची बिदागी आहे.

"काका, बेस वाढवा, छाती हलली पाहिजे!" असे मुले म्हणतात. त्यांना आम्ही बी.कॉम.च्या भाषेत समजावतो. कान म्हणजे बँकेतले खाते समजा. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास खर्चायला मिळतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे! जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी मर्यादा घातली तीही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल, त्याहून वर नाही. कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. या खात्यात जमा होत नाही, नुसता खर्च. ज्या घरात बापाचे कान गिरणीने नेले, त्या घरातल्या लेकराचे कान आपण आपल्याच आनंदात घालवायचे काय?

कायदाही ध्यानात असावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देते, तेवढेच. हा नियम साऱ्या समाजांना सारखा. शेजारच्या खोलीत कुणी दहावीचा अभ्यास करत असते, कुणी रात्रपाळी करून झोपलेले असते. तीही आपलीच माणसे.

आणखी एक. खांबावर आकडा टाकून मशीन चालवू नका. तीन पिनांची अर्थिंग असलेली जोडणीच घ्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या गायकाच्या ओठांशी लोखंडी माइक असतो, हे विसरू नका. आणि वर्गणीच्या यादीत हार-फुलांआधी साउंडचा आकडा लिहा. हे काम मुलींनाही शिकवा. आमच्या चाळीतली बारावीची मुलगी आज मिक्सर आमच्याहून हलक्या हाताने चालवते.

पुढच्या कार्यक्रमाआधी "हॅलो, वन-टू-थ्री" करत बसू नका. एक कडवे गायला लावा आणि कुणालातरी शेवटच्या रांगेत पाठवा. तिथे भिंतीला टेकून एखादी मावशी बसलेली असेलच. तिला विचारा, "मावशी, आत्ता काय म्हणाले?" तिने ओळ जशीच्या तशी सांगितली, तर साउंड लागला. नाही सांगितली, तर बटणाला हात लावा. पण आवाज वाढवायला नव्हे, आधी काय कमी करता येईल ते पाहायला.